वसईतलं मराठी कन्फेशन: लाज उतरते का?

वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये कन्फेशन, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली, मराठीतून करता येतं. फी नाही. जाळीआडून बोलण्याचा हक्क चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन ९६४, देतो, त्यामुळे चेहरा दाखवायची सक्ती नाही. गुपिताची हमी पक्की: फादरनी ऐकलेलं फोडलं तर त्यांच्यावर चर्चचा आपोआप बहिष्कार.

गडबड होते ती संदिग्ध बोलण्यानं. "माझं चुकलं" एवढंच पुटपुटलं तर लाज तशीच घरी परत येते. कॅनन ९८८ प्रमाणे गंभीर पाप प्रकार आणि संख्येसह सांगायचं. मात्र रंगवून सांगू नये, दुसऱ्यांची नावं घेऊ नयेत. क्रम असा: आधी आत्मपरीक्षण, मग कबुली, पश्चात्तापाची प्रार्थना, शेवटी फादरचा क्षमामंत्र. दिलेलं प्रायश्चित्त त्याच दिवशी उरकलेलं बरं, नाहीतर विसरतं.

तेच पाप पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटत असेल, तर दर खेपेला फादर बदलू नका, एकाचंच ऐका.

मर्यादाही मोठी आहे. आपल्यावर झालेल्या अत्याचाराची लाज हे पाप नव्हे, त्याची क्षमा मागायची नसते. तिथे समुपदेशक गाठावा. आणि हो, संध्याकाळच्या मिसाआधीच्या (चर्चमधल्या सामूहिक उपासनेआधीच्या) घाईत जाऊ नका. फादरकडून वेगळी वेळ घ्या.