रेव्हिटमध्ये वॉल ब्रेसिंग प्लॅन : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अमेरिकेतल्या लाकडी घरांची ड्रॉइंग्ज आम्ही पुण्यात बसून करतो. त्या घरांचं वॉल ब्रेसिंग, म्हणजे वाऱ्याने भिंत कलू नये म्हणून केलेली मजबुती, आधी ऑटोकॅडमध्ये हॅच (रेघांचा भराव) मारून दाखवायचो, गेले काही महिने ते ड्रॉइंग पूर्णपणे रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतीचं मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, करतो आहे. मला हा बदल मनापासून आवडला आहे. मात्र रेव्हिटमध्ये या कामाचं तयार बटण नाही. स्ट्रक्चर टॅबवरचं ‘ब्रेस’ हे टूल रचनेतल्या तिरप्या मेंबरसाठी आहे, त्याचा इथे संबंध नाही. आपली व्यवस्था आपणच उभी करायची, आणि ती कशी उभी केली यावरच सगळा अनुभव ठरतो.

आपल्याकडे आरसीसी फ्रेममध्ये भिंत बहुतेक वेळा नुसता भरणा असते. त्यामुळे नवीन ड्राफ्ट्समनला हा विषय पटकन उमजत नाही. अमेरिकेतल्या साध्या घरात कॉलम नसतातच, २ बाय ४ किंवा २ बाय ६ च्या स्टडची, म्हणजे उभ्या लाकडांची भिंत हीच रचना. वरचा भार स्टड घेतात, पण वाऱ्याने बाजूने रेटलं की, मागून तिरपी पट्टी न मारलेलं फळ्यांचं दार कलतं तशी ती चौकट कलते. ते थांबवतं स्टडवर ठरावीक अंतराने खिळे मारून बसवलेलं प्लायवूड किंवा ओएसबी (लाकडाच्या चिरफळ्या दाबून केलेला बोर्ड). भिंतीचा असा सलग, दार-खिडकी नसलेला तुकडा म्हणजे ब्रेस्ड वॉल पॅनेल, आणि ती पॅनेल्स ज्या रेषेवर मोजायची ती ब्रेस्ड वॉल लाइन. आयआरसीच्या (अमेरिकेतल्या घरांच्या बांधकाम कोडच्या) आर ६०२.१० मध्ये याचे नियम आहेत. बिल्डिंग ऑफिशियलने मागितलं तर या रेषा, ब्रेसिंगची पद्धत, पॅनेलची जागा आणि लांबी ड्रॉइंगवर दाखवावीच लागते.

म्हणजे हे काम मुळात लांबीच्या हिशोबाचं आहे. हॅचला स्वतःची लांबी सांगता येत नाही. मला रेव्हिट पटलं ते इथे.

ब्रेस्ड वॉल लाइनसाठी मी ग्रिड (रेव्हिटमधली नाव दिलेली संदर्भरेषा) वापरतो, पण वेगळ्या टाइपची : तुटक रेघ आणि टोकाला नावाचा वेगळा बबल. ग्रिड असल्यामुळे दोन रेषांमधलं अंतर डायमेन्शनने थेट दाखवता येतं, आणि भिंत रेषेपासून किती सरकली आहे तेही. हे सरकणं ४ फुटांपर्यंतच चालतं, त्यामुळे कोनाडे, बे विंडो असलेल्या घरात ते डायमेन्शन फार मोलाचं. एक गोष्ट लक्षात ठेवा, ग्रिडचं नाव पूर्ण प्रोजेक्टमध्ये एकदाच वापरता येतं. म्हणून आम्ही पहिल्या मजल्याला १-ए, दुसऱ्याला २-ए अशी नावं देतो आणि प्रत्येक ग्रिडची उंची त्या मजल्यापुरती ठेवतो.

पॅनेलसाठी लाइन-बेस्ड जेनेरिक मॉडेल फॅमिली, म्हणजे रेषेसारखा ओढून ठेवता येणारा रेव्हिटचा घटक, बनवली. दोन क्लिकमध्ये ती भिंतीवर बसते. तिच्यात शेअर्ड पॅरामीटर (टॅग आणि शेड्यूलमध्ये वापरता येणारे माहितीचे रकाने) आहेत : कोणती रेषा, कोणती पद्धत, प्रत्यक्ष लांबी, किमान लांबी. डिटेल आयटमनेही (नुसत्या द्विमितीय चित्रानेही) हे जमतं, पण तो ज्या व्ह्यूमध्ये काढला तिथेच राहतो. मॉडेल फॅमिली ब्रेसिंग प्लॅनवर दिसते आणि फाउंडेशन प्लॅनच्या व्ह्यू रेंजमध्ये आणली तर तिथेही, त्यामुळे होल्ड-डाउन (भिंत पायाला धरून ठेवणारा धातूचा जोड) कुठे येणार ते काँक्रीट ओतणाऱ्याला कळतं. भिंतच तोडून वेगळा वॉल टाइप देण्याचा मार्ग काही जण सुचवतात. मी तो कुणालाच सुचवणार नाही, कारण भिंतीचे तुकडे झाले की जॉइन, टॅग आणि शेड्यूल सगळंच हाताळायला जड होतं.

खरी मजा शेड्यूलमध्ये, म्हणजे मॉडेलमधून आपोआप भरणाऱ्या तक्त्यात. पॅनेल्स रेषेनुसार गटात घेऊन लांबीची बेरीज येते. प्रत्यक्ष लांबीतून किमान लांबी वजा करणारी एक कॅल्क्युलेटेड व्हॅल्यू टाकली आणि शून्याखाली गेली की लाल, असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावलं. अपुरं पॅनेल लगेच डोळ्यांत भरतं, आणि हा रंग शीटवर छापायचा नसेल तर बंद ठेवता येतो. किमान लांबी फॅमिलीत पक्की बांधू नका. डब्ल्यूएसपी (वुड स्ट्रक्चरल पॅनेल, म्हणजे प्लायवूड किंवा ओएसबीचे सुटे पॅनेल) पद्धतीत ८ ते १० फूट उंच भिंतीला ४८ इंच लागतात. सीएस-डब्ल्यूएसपीमध्ये, म्हणजे भिंतभर सलग शीट लावण्याच्या पद्धतीत, ८ फुटी भिंतीला, शेजारची खिडकी ६४ इंचांपर्यंत उंच असेल तर २४ इंच पुरतात, पण शेजारी ८० इंचांचं दार आलं की ३२ लागतात. शिवाय राज्याराज्यांत कोडची आवृत्ती आणि दुरुस्त्या वेगळ्या असतात.

गॅरेजवर सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि जायलाच हवा. १६ फुटी दार, दोन्ही बाजूंना भिंतीची चिंचोळी पट्टी. तिथे ४८ इंच आणायचे कुठून? मग पोर्टल फ्रेम, म्हणजे दारावरची तुळई (हेडर) आणि बाजूच्या पट्ट्या मिळून केलेली एकसंध चौकट. पीएफएच (होल्ड-डाउनसह पोर्टल फ्रेम) पद्धतीत वर फक्त छप्पर असेल तर १६ इंचांची पट्टी चालते, वर आणखी एक मजला असेल तर २४ लागतात. पण ही पट्टी एकटी काम करत नाही : दारावरचा हेडर पट्टीच्या बाहेरच्या टोकापर्यंत न्यायचा, खाली होल्ड-डाउन, वर स्ट्रॅप (धातूची पट्टी). म्हणून पोर्टल फ्रेमची फॅमिली मी वेगळीच केली. तिच्या प्लॅन चिन्हातच होल्ड-डाउनचे ठिपके आहेत आणि टॅगमध्ये डिटेलचा नंबर. फ्रेमरने (लाकडी चौकट उभी करणाऱ्या कारागिराने) तो कागद उन्हात हातात धरून वाचायचा आहे, त्याला शोधाशोध पडू नये. गॅरेजमधल्या डब्ल्यूएसपी किंवा सीएस-डब्ल्यूएसपी पॅनेलवर आतून जिप्सम बोर्ड लावणार नसतील तर वाऱ्याच्या हिशोबात लांबी १.४ पट होते, हेही त्याच शीटवर टीपेत लिहितो.

आता मर्यादा. भिंत सरकली तर ही फॅमिली आपोआप मागे जात नाही, अलाइन करून लॉक करावी लागते. खिडकी रुंद केली तर पॅनेल आखडत नाही, ते खिडकीच्या आत घुसलेलं दिसतं. पॅनेल रेषेच्या टोकापासून १० फुटांच्या आत सुरू होतं का, दोन पॅनेल्समध्ये २० फुटांपेक्षा जास्त मोकळी जागा आहे का, हे शेड्यूल सांगत नाही. ते प्लॅनवर डायमेन्शन टाकून डोळ्यांनीच बघायचं. लागणारी एकूण लांबीही बाहेरून आणायची. वाऱ्याचा वेग, एक्स्पोजर (जागा वाऱ्याला किती उघडी आहे), छपराची उंची, समांतर रेषा किती (तीन असतील तर १.३ ने गुणायचं), हे सगळं आम्ही एक्सेलमध्ये करतो आणि एपीए या अमेरिकेतल्या प्लायवूड-लाकूड उद्योग संघटनेच्या मोफत वॉल ब्रेसिंग कॅल्क्युलेटरवर ताडून बघतो. भूकंपाच्या पट्ट्यातलं घर असेल तर वारा आणि भूकंप असे दोन्ही आकडे काढून मोठा धरायचा.

वर्षाला एखादंच असं घर करणाऱ्याने एवढा खटाटोप करू नये, साध्या रेघा आणि हाताने भरलेला तक्ता पुरतो. पण एकाच बिल्डरची घरं सतत करत असाल, मालक खिडक्या बदलत राहत असतील, तर टेम्प्लेटमध्ये हे एकदा बसवून घ्याच. आणि ब्रेसिंगला स्वतंत्र शीट द्या : फर्निचर बंद, भिंती हाफटोन (फिकट), पाव इंचाला एक फूट स्केल. मुख्य फ्लोअर प्लॅनवर हे टॅग घातले तर दारं-खिडक्यांच्या मापांच्या गर्दीत ते कुणीच वाचत नाही.