नेरुळच्या बाल्कनीतली तीन मडक्यांची खतकुंडी : वर्षभराच्या वापरानंतर

मागच्या वर्षी मार्चच्या मध्यावर आम्ही घरच्या ओल्या कचऱ्यासाठी एकावर एक बसणारी तीन मडक्यांची खतकुंडी घेतली. नवी मुंबईतल्याच एका विक्रेत्याकडून ती घरपोच आली. किंमत ३,८०० रुपये पडली आणि त्यात खत लवकर होण्यासाठी लागणारी पाच किलोंची मिश्रणाची एक पिशवी व पहिल्या वर्षात कुंडी तपासायला माणूस तीनदा घरी येण्याची सेवा धरलेली होती. विक्रेत्याचे नाव इथे देत नाही, कारण अशा कुंड्या विकणारे आता बरेच झाले आहेत आणि मला जे सांगायचे आहे ते कुंडीच्या रचनेबद्दल जितके आहे तितकेच तिच्यासोबत जे विकले जाते त्याबद्दल आहे.

आमचे घर सिडकोच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. माणसे चार, बाल्कनी पश्चिमेला, रुंदी जेमतेम साडेतीन फूट. स्वयंपाकघरात रोज निघणारा ओला कचरा मी पहिला आठवडाभर वजन करून पाहिला, तो सरासरी ७०० ग्रॅम भरला. मटाराच्या दिवसांत तो किलोच्याही वर जातो. कुंडीची मडकी भाजक्या मातीची असून वरच्या दोघांना तळ नाही, त्याऐवजी सुंभाची जाळी विणलेली आहे, आणि सर्वांत खालचे मडके बंद तळाचे आहे. रोजचा कचरा वरच्या मडक्यात टाकायचा, त्यावर मूठभर मिश्रण पसरायचे, मडके भरले की ते मधल्याच्या जागी न्यायचे आणि मधले खालच्यात रिकामे करून वर आणायचे, असा क्रम आहे. एक मडके भरायला आम्हाला साधारण महिना लागतो. चार जणांच्या घराला हा आकार अगदी बेताचा पुरतो. पाहुणे आले की पुरत नाही.

माहितीपत्रकात ‘वास नाही, कष्ट नाहीत’ असे छापलेले आहे. मार्च ते मे या तीन महिन्यांत मला ते खरे वाटले. जूनच्या पहिल्या आठवड्यात खालच्या मडक्यातून निघालेले पहिले खत काळपट, भुसभुशीत आणि पावसाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येतो तशा वासाचे होते. त्या मडक्यात सुमारे २० किलो कचरा गेला होता आणि चाळून हाती आले ते साडेतीन किलो. कढीपत्त्याच्या आणि मोगऱ्याच्या कुंड्यांना ते घातले, उरलेले सोसायटीच्या बागेत दिले.

आता मूळ मुद्दा. कुंडी हे केवळ भांडे आहे. खत होते ते आत काय थर पडतात त्यावर. भाजीचे देठ, फळांच्या साली, चहाचा चोथा यांत पाणी आणि नत्र म्हणजे नायट्रोजन भरपूर असते, तर सुकी पाने, भुसा, कागद यांत कर्ब म्हणजे कार्बन. कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नत्रामागे २५ ते ३० भाग कर्ब मिळाला, ओलावा निम्म्याच्या आसपास राहिला आणि हवा खेळती असली की ते काम चोख करतात. यातले काही बिघडले, विशेषतः हवा कोंडली, की तिथे दुसऱ्या जातीचे जिवाणू माजतात आणि आंबूस, कुजकट वास सुरू होतो. क्षेपणभूमीवर म्हणजे शहराच्या डम्पिंग ग्राउंडवर हेच प्रचंड प्रमाणात घडते आणि तिथे तयार होणारा मिथेन वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. तेव्हा घरातल्या मडक्याला वास येऊ लागला तर ती एक छोटी क्षेपणभूमी झाली असे खुशाल समजावे.

विक्रेत्याच्या मिश्रणात नारळाच्या काथ्याचा भुसा म्हणजे कोकोपीट आणि जिवाणूंचे विरजण असते. पाच किलोंची पिशवी ४५० रुपयांना मिळते आणि आम्हाला ती सहा आठवडेही पुरली नाही. याच दराने वर्षाचा हिशेब केला तर मिश्रणावरचा खर्च कुंडीच्या किमतीला मागे टाकतो, आणि विकताना ही गोष्ट कोणी बोलत नाही. सासूबाईंनी पिशवीवरची माहिती चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, “अगं, विरजण एकदा लावलं की पुढे आपलंच वापरायचं असतं, रोज काय विकत आणायचं?” त्यांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. तयार खताची एक ओंजळ आणि पंधरा दिवसांतून एकदा वाटीभर आंबट ताक एवढ्यावर जिवाणूंची गरज भागते. राहिला प्रश्न सुक्या मालाचा. आमच्या आवारात दोन मोठे पर्जन्यवृक्ष म्हणजे रेन ट्री आहेत आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांची पानगळ होते. ही पाने इतकी बारीक असतात की चुरावीही लागत नाहीत. झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारून मी दोन गोणपाटे भरून घेतली आणि ती जवळजवळ सहा महिने पुरली. सुताराकडचा भुसाही चालतो, मात्र तो सागवानासारख्या अस्सल लाकडाचा हवा. प्लायवूडच्या भुशात चिकटवणारी रसायने असतात.

पावसाळ्याने मात्र कुंडीची आणि सेवेचीही परीक्षा पाहिली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू हातात चादर घेऊन दारात उभ्या राहिल्या. “अगं, तुझ्या त्या मडक्यातून काळं पाणी गळतंय, हे बघ,” असे म्हणून त्यांनी रुपयाएवढे तीन तपकिरी डाग दाखवले. मला अक्षरशः मेल्याहून मेल्यासारखे झाले. खालच्या मडक्याला तळ असला तरी त्याच्या बुडाशी जास्तीचे पाणी निघून जाण्यासाठी एक भोक आहे, त्याखाली ताटली ठेवावी अशी सूचना माहितीपत्रकात कुठेही नाही, आणि कुंडीसोबत ताटली दिलेली तर नव्हतीच. तीस रुपयांच्या ताटलीने सुटणारा प्रश्न शेजारधर्मावर येऊन पडला. चादर मी लिंबू आणि मीठ लावून धुऊन दिली, डाग फिके झाले, पूर्ण गेले नाहीत.

त्याच आठवड्यात कुंडीत राखाडी-तपकिरी, चपट्या, वळ्यावळ्यांच्या अळ्या शेकड्यांनी दिसू लागल्या. रात्री त्या कोरड्या जागेच्या शोधात बाहेर पडत आणि एके सकाळी यजमानांच्या चपलेत दोन सापडल्या. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या या अळ्या कचरा झपाट्याने फस्त करतात. त्यांची माशी चावत नाही आणि घरमाशीसारखी जेवणावर घोंघावत नाही. म्हणजे त्या निरुपद्रवी, उलट उपयोगीच आहेत. पण हे मला नंतर वाचून कळले. विक्रेत्याला फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, “मॅडम, मिश्रण वाढवा.” मी रोज दोन मुठी घालू लागले आणि आतला लगदा आणखीच चिकट झाला. याचे कारण साधे आहे: कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात हा त्याचा गुण ठरतो, पण आपल्या खाडीकाठच्या जुलैमध्ये, जिथे दोरीवरचे टॉवेल दोन दिवस वाळत नाहीत, तिथे तोच दोष होतो. बाराही महिने एकच मिश्रण विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल असे मानणे अवघड आहे. तपासणीसाठी येणारा माणूस तक्रारीनंतर एकवीस दिवसांनी आला. मुलगा सभ्य आणि कामसू होता, त्याने अर्ध्या तासात मडकी उलटीपालटी करून दिली, पण तोवर प्रश्न आम्हीच सोडवलेला होता.

उपाय असा झाला. कोकोपीट पूर्ण बंद केले, त्याऐवजी वर्तमानपत्राचे हाताने फाडलेले तुकडे आणि साठवलेली कोरडी पाने कचऱ्याच्या जवळजवळ बरोबरीने घातली, आणि कुंडी पावसाचे शिंतोडे पोचणार नाहीत अशी भिंतीला सरकवली. ओलावा बरोबर आहे का हे पाहण्याची खूण सोपी आहे. आतले मिश्रण मुठीत घट्ट दाबावे. बोटांच्या फटीतून एखादा थेंब आला तर ठीक, धार लागली तर जास्त, आणि मूठ उघडताच सगळे विखुरले तर पाणी कमी. दहा दिवसांत वास गेला. अळ्या सप्टेंबरात आपोआप कमी झाल्या.

मालाच्या दर्जाबद्दल बोलायचे तर मडकी चांगली भाजलेली आहेत, बाहेरून पांढरट क्षार फुटले तरी तडा गेलेला नाही. सुंभाची जाळी मात्र सातव्या महिन्यात कुजून तुटली आणि अर्धे मडके खालच्यात कोसळले. कुजवण्याच्या भांड्याला कुजणारी जाळी लावण्यामागचा विचार मला समजला नाही. आम्ही नायलॉनची दोरी ओवून घेतली. झाकणाचा काठ घरी आला तेव्हाच टवकलेला होता आणि ते बदलून मिळायला पाच आठवडे लागले. भरलेली कुंडी चांगलीच जड होते, त्यामुळे ती खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवण्याचा मोह कोणी करू नये.

कशाकशाचे खत होत नाही याची यादी त्यांनी दिली आहे आणि ती बरोबर आहे, पण आपल्याकडच्या स्वयंपाकघरातल्या काही गोष्टी तीत नाहीत. करवंट्या आणि आंब्याच्या कोयी वर्षभरातही जशाच्या तशा राहतात. शेवग्याच्या शेंगांचा चोथा उन्हात वाळवून घातला तर उत्तम. गणपतीतले निर्माल्य चालते, मात्र हारांचे दोरे आणि जरीच्या पट्ट्या आधी काढाव्या लागतात. मासळीचा कचरा घालू नये असे म्हटले आहे. कोळंबीची सोले आणि बोंबलाची डोकी आमच्याकडे आठवड्यातून दोनदा असतातच, ती आम्ही कागदात गुंडाळून त्याच दिवशी घंटागाडीला देतो. बाकी ओल्या कचऱ्याचा डबा आता बहुतेक दिवस रिकामाच असतो.

आमच्या ओळखीच्या एका घरी चोवीस तासांत ‘खत’ करणारे विजेचे यंत्र आहे. ते कचरा तापवून, वाळवून, दळून देते. कुजण्याची क्रिया त्यात होतच नाही. कुंडीत घालून पाणी दिल्यावर त्या भुकटीवर पांढरी बुरशी आली. त्यापेक्षा मडके परवडले.

घराबाहेरचाही थोडा विचार यात येतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितले आणि पालापाचोळा उघड्यावर जाळायला मनाई केली. स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबई २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी देशात तिसरी आली, त्याचे कौतुक आम्ही सगळे करतो. पण आमच्या आवारातली पाने मावशी काळ्या पिशव्यांत भरून घंटागाडीत टाकत होत्या. यंदा सोसायटीने मागच्या भिंतीलगत पानांसाठी तारेच्या जाळीचा एक पिंजरा केला आहे. इमारतीत आता अशा पाच कुंड्या आहेत आणि त्या सर्वांना सुका माल याच पिंजऱ्यातून मिळतो. पाचवी कुंडी खालच्या काकूंची आहे. त्यांनी कुंडीआधी ताटली आणली.

तपासणीच्या सेवेचे पुढच्या वर्षासाठी १,२०० रुपये मागितले गेले, ते मी भरलेले नाहीत. कुंडी मात्र पुन्हा घ्यायची वेळ आली तर मातीचीच घेईन, मिश्रणाची फक्त पहिली पिशवी घेईन आणि नायलॉनची जाळी आधीच मागेन. नव्याने सुरू करणाऱ्यांनी ती दिवाळीनंतर घ्यावी, म्हणजे हात बसायला कोरडे सहा-सात महिने मिळतात आणि पर्जन्यवृक्षाची पानगळही मध्ये येते. जूनमध्ये कोणी कितीही सूट दिली तरी थांबावे.