कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० आणि काळे पडणारे प्लग: नागपुरात आठ महिने वापरल्यानंतर

गाडी मारुती ८००, जुनी, कार्ब्युरेटरवाली (इंजिनात जाणारं पेट्रोल आणि हवा कार्ब्युरेटर मिसळतो), तीन सिलेंडर, ७९६ सीसी. स्पार्क प्लग, म्हणजे सिलेंडरमध्ये ठिणगी पाडणारे, एनजीके कंपनीचे बीपीआर६ईएस, साधे निकेलवाले. दिवाळीनंतर बसवले, थंडी गेली, नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) निघाला, आता पावसाळा लागला आहे. एकूण ६,४०० किमी झाले. प्लग उत्तम आहेत, पण हे चांगले निघण्याआधी इंजिनमधल्या दोन गोष्टी दुरुस्त कराव्या लागल्या. त्या तशाच राहिल्या असत्या तर हाही सेट हजार किलोमीटरच्या आत काळा झाला असता.

मूळ तक्रार नेहमीचीच. सकाळी चार-पाच सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नव्हती, सिग्नलला उभी असताना मिसिंग (इंजिन मधेच ठोका चुकवणं), सदरच्या उड्डाणपुलावर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये झटके. अशा वेळी कुठेही गेलं तरी मिस्त्री म्हणतो, ‘भाऊ, प्लग टाका नवे.’ नवे टाकले की गाडी खरंच सुधारते, आणि महिन्याभरात पुन्हा तेच सुरू होतं.

जुने प्लग काढताना इंजिन पूर्ण थंड हवं, कारण हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतात) अॅल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना आटे प्लगसोबत बाहेर येऊ शकतात. आधी खाचेतली धूळ पंपाने उडवायची, नाहीतर ती सरळ सिलेंडरमध्ये जाते. मग तिन्ही प्लग १, २, ३ असे क्रमाने कागदावर मांडायचे. क्रम चुकला तर निदानच गेलं.

या गाडीत १ आणि ३ नंबरचे प्लग कोरडे, मखमलीसारखे काळे निघाले. बोट फिरवलं की काजळी बोटाला येत होती. २ नंबरचा मात्र ओला, चकचकीत आणि चिकट, आट्यांपर्यंत माखलेला, आणि वास पेट्रोलचा नाही तर इंजिन ऑइलचा. तिन्ही प्लग सारखेच खराब असतील तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या ठिकाणी शोधायचा: चोक (थंड स्टार्टला हवा अडवून पेट्रोल वाढवणारी झडप), एअर फिल्टर, कार्ब्युरेटरचा फ्लोट (आतल्या पेट्रोलची पातळी राखणारा). एकच वेगळा दिसत असेल तर दोष त्याच सिलेंडरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये. इथे दोन्ही प्रकार एकाच वेळी होते, म्हणून नुसते प्लग बदलून काही हाती लागत नव्हतं.

काजळीने स्पार्क का मरतो हे मल्टिमीटरवर दिसतं. प्लगचा मधला इलेक्ट्रोड आणि लोखंडी बॉडी यांच्यामध्ये चांगल्या प्लगला मीटर काहीच दाखवत नाही, तिथून करंट जायलाच नको. १ नंबरच्या काळ्या प्लगला जेमतेम अर्धा मेगाओहम आला. १० मेगाओहमच्या खाली आलं की धरून चालायचं, कॉइलचा विजेचा दाब (व्होल्टेज) गॅपमध्ये, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधल्या फटीत, उडी मारण्याऐवजी मधल्या इलेक्ट्रोडभोवतीच्या पांढऱ्या चिनीमातीवरच्या काजळीतून बॉडीत उतरतो आहे. चिनीमातीचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ही काजळी आपोआप जळून जाते. धरमपेठ ते सीताबर्डी अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत, तेही डिसेंबरच्या सकाळी चोक ओढून, ते तापमान गाठलंच जात नाही.

चोकचं दुखणं साधं होतं. डॅशबोर्डची नॉब पूर्ण आत ढकलली तरी कार्ब्युरेटरच्या तोंडावरची झडप उभी न राहता थोडी तिरपी राहायची. एअर क्लीनरचं झाकण काढून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. केबलच्या आवरणाचा क्लॅम्प सरकवून दोन मिमी ढील दिली, झडप सरळ उभी राहिली. सोबत रिंगरोडच्या धुळीने भरलेला एअर फिल्टर बदलला.

इथे पेट्रोलबद्दल सांगायलाच हवं. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. साध्या पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी ठरावीक मापाची छिद्रं) मात्र तेच राहतात, म्हणजे जुन्या गाडीत मिश्रण आपोआप पातळ होतं, हवा गरजेपेक्षा जास्त आणि पेट्रोल कमी. दोन गोष्टी त्यातून निघतात. एक, ‘कॉफी रंगाचा प्लग म्हणजे उत्तम’ हा जुना ठोकताळा आता जसाच्या तसा लागू करू नये. फिकट राखाडी किंवा बदामी रंगही ठीक आहे. खडूसारखा पांढरा, टोकाला फोड किंवा चमकदार कण असलेला प्लग मात्र धोक्याचा. दुसरी जास्त महत्त्वाची: इतक्या पातळ मिश्रणावरही प्लग काळा होत असेल तर कुठेतरी पेट्रोल खरोखरच भरमसाट जातं आहे, थंडीच्या नावावर ते खपवू नका.

२ नंबरमध्ये ऑइल कुठून येतं हे कळण्यासाठी कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासलं. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. १ नंबरला १२, २ ला ११.५, ३ ला ११.८ किलो (दर चौरस सेंटिमीटरला). सिलेंडरांमध्ये १ किलोपेक्षा जास्त फरक असता आणि चमचाभर ऑइल टाकल्यावर आकडा चढला असता, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असं धरावं लागलं असतं. इथे फरक कमी होता. निळा धूर फक्त सकाळच्या पहिल्या स्टार्टला आणि उतारावर पाय काढून पुन्हा दाबल्यावर यायचा. ही व्हॉल्व्ह सील (झडपांच्या दांड्यांवरून ऑइल आत उतरू न देणारे रबरी सील) गेल्याची खूण आहे. सहाही सील बदलले. एकच बदलून मजुरी वाचत नाही.

सील बदलण्यापूर्वी एक प्रयोग झाला होता, तो मुद्दाम सांगण्यासारखा आहे. २ नंबरमध्ये एक पायरी गरम प्लग (ज्याचं टोक चालताना जास्त तापतं), बीपीआर५ईएस, टाकून पाहिला, तेल जळून जाईल या आशेने. १,१०० किमीनंतर तो बाहेर काढला तेव्हा टोकावर तपकिरी-काळी कडक खपली बसली होती आणि तिचा एक दाणा गॅपमध्ये अडकला होता. गरम प्लगने तेल थांबत नाही, फक्त त्याची राख होते. शिवाय मे महिन्यात वर्धा रोडवर सलग सत्तरच्या वेगाने चालवायचं असेल तर एवढा गरम प्लग नकोच.

नंबर वाचताना लोक हमखास फसतात. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. बीपीआर६ईएसच्या जागी बॉशचा डब्ल्यूआर७डीसी किंवा डेन्सोचा डब्ल्यू२०ईपीआर-यू चालतो. जाडी १४ मिमी, आट्यांची लांबी १९ मिमी, पाना २०.८ मिमी. याच जाडीचा १२.७ मिमी लांबीचा प्लगही सहज बसतो. मग हेडमधले उघडे राहिलेले आटे कार्बनने भरतात आणि पुढच्या वेळी बरोबर लांबीचा प्लग जातच नाही. आपल्या गाडीचा नंबर मालकाच्या पुस्तिकेतून घ्या. काढलेल्या प्लगवरचा नंबर बघून घेऊ नका, आधीच्याने काय बसवलं होतं कोण जाणे.

इरिडियमबद्दल अनेक जण विचारतात. त्याचा मधला इलेक्ट्रोड ०.६ मिमी, साध्याचा २.५. कमी व्होल्टेजमध्ये स्पार्क पडतो, टिकतोही जास्त. पण ऑइल किंवा काजळी त्याच्याही चिनीमातीवर बसते, आणि एका इरिडियमच्या पैशात साध्या तीन प्लगचा सेट येतो. जुन्या कार्ब्युरेटर गाडीला माझं मत साध्याच प्लगला. दर काही हजार किमीला काढून पाहायचेच आहेत.

नकली माल बाजारात भरपूर आहे. या खरेदीत पहिल्या दुकानातून आलेला सेट परत करावा लागला. डबा हुबेहूब होता, पण नंबरात ‘आर’ (म्हणजे आत रेझिस्टर) असूनही वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत मीटरने शून्य दाखवलं. खऱ्या ‘आर’ प्लगमध्ये साधारण ५ किलोओहम यायला हवा. वॉशर हलवल्यावर गळून पडत होता, बाजूचा इलेक्ट्रोड तिरका होता. मीटर खिशात घेऊन जा, दुकानदार रागावला तरी चालेल.

बसवताना गॅप ०.७५ मिमी ठेवला (या इग्निशनला ०.७ ते ०.८), वायर गेजने मोजून, वाकवायचा तो फक्त बाजूचा इलेक्ट्रोड. सुरुवातीचे आटे हाताने, किंवा पेट्रोलच्या रबरी पाइपचा तुकडा प्लगच्या टोकावर चढवून फिरवायचे. आटा तिरका लागला तर पाइप घसरतो, हेड वाचतं. हाताने घट्ट झाला की नवीन वॉशरला पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, टॉर्क पाना असेल तर २५ ते ३० न्यूटन-मीटर. वापरलेला प्लग परत लावताना फेऱ्याचा बारावा भाग पुरतो. आट्यांना ग्रीस लावू नका, त्याने गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

१,००० किमीला तिन्ही फिकट राखाडी. ३,००० ला तसेच, २ नंबरच्या कडेला किंचित तेलकट वळं होतं, नंतर वाढलं नाही. शहरातलं मायलेज १३.५ वरून १५.८. नवतप्यात दुपारी गाडी उन्हात वीस मिनिटं उभी राहिली की पुन्हा सुरू व्हायला त्रास द्यायची. तो प्लगचा दोष नव्हता: कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून आत सांडतं आणि प्लग भिजतात. अॅक्सिलरेटर तळाला दाबून धरायचा, पंप करायचा नाही, पाच-सात सेकंद सेल्फ. बहुतेक वेळा सुरू होते.

आता ६,४०० ला गॅप ०.८२ झाला आहे, २ नंबरचा ०.८३. पुन्हा ०.७५ केला. साफ करायला पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश वापरला नाही. ब्रशचे धातूचे कण चिनीमातीवर राहतात, पेपरने इलेक्ट्रोडची धार जाते आणि स्पार्कला धारच हवी असते. कार्ब क्लीनर आणि सुती फडकं पुरलं.

जुलैच्या पहिल्या पावसात पुन्हा मिसिंग आलं तेव्हा प्लग काढायची घाई केली नाही. रात्री बॉनेट उघडून वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला, ३ नंबरच्या वायरीवरून हेडकडे निळी ठिणगी जाताना दिसली. वायरीच्या दर मीटर लांबीला १० ते २० किलोओहम यायला हवेत तिथे ही वायर हलवली की आकडा तुटत होता. वायरींचा सेट बदलला, प्लग तेच आहेत. १०,००० ला पुन्हा गॅप मोजायचा, १५,००० च्या सुमारास नवा सेट, नंबर हाच.