खापरी की वानाडोंगरी? ब्रँच ठरलेली नसताना दोन कॉलेजांचा हिशेब

नागपुरात इंजिनिअरिंगचे ऑप्शन भरताना बऱ्याच घरांत शेवटी दोनच नावं उरतात. एक खापरीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, २०१६ साली सुरू झालेलं. दुसरं हिंगणा रोडवर वानाडोंगरीचं यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय, म्हणजे वायसीसीई, १९८४ पासूनचं आणि आता स्वायत्त. मुलाची ब्रँच पक्की असेल तर कटऑफच निकाल लावतो. ती पक्की नसेल आणि पैशांचाही ताण असेल, तर तुलना वेगळी करावी लागते. मत बदललं तर बाहेर पडायची वाट कोणत्या कॉलेजात आहे आणि ती केवढ्याला पडते, हे आधी बघायचं.

आधी फी. शासकीय कॉलेजची फी खासगीच्या काही हिश्श्यातच भागते, त्यावर फार बोलायला नको. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि त्यात ट्युशन फी आणि डेव्हलपमेंट फी असे दोन भाग असतात. सवलतीचं सगळं गणित या दोन ओळींवर फिरतं, कारण सवलत ट्युशन फीवर मिळते, डेव्हलपमेंट फीवर नाही. समजा वर्षाची फी १,६०,००० आहे आणि त्यात ट्युशन १,४४,००० व डेव्हलपमेंट १६,००० आहे. खुल्या प्रवर्गातला मुलगा, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, तर राजर्षी शाहू महाराज योजनेतून ट्युशनचे निम्मे सुटतात आणि खिशातून वर्षाला ८८,००० जातात. चार वर्षांचे ३,५२,०००. ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस प्रवर्गातली मुलगी, उत्पन्न तेवढंच, तर २०२४-२५ पासून ट्युशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. तिला याच कॉलेजात चार वर्षांचे ६४,००० पडतील. एवढा फरक पडल्यावर 'खासगी म्हणजे महाग' हे वाक्य त्या घरापुरतं खोटं ठरतं. मुलीच्या बाबतीत फक्त फी बघून खापरी निवडण्याची घाई करू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मात्र ही सवलत कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, मिळालेल्या जागेलाच आहे. कॉलेज स्वतः भरतं त्या मॅनेजमेंट किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलच्या जागेवर ती मिळत नाही, मग उत्पन्न कितीही कमी असो. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्जही दरवर्षी भरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला जुना असला किंवा आधारला जोडलेलं बँक खातं बंद पडलेलं असलं की पैसे तिथेच अडकतात.

आता टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्युशन फी माफीची योजना. ब्रँच न ठरलेल्या मुलांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. ऑप्शन फॉर्मवर एकाच कॉलेजची एकच ब्रँच दोनदा दिसते, दोन वेगळ्या चॉइस कोडनी. ज्या कोडच्या शेवटी टी आहे ती ट्युशन फी माफीची जागा. मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा अशा असतात आणि उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. हिशेबाला उत्तम. पण या जागेवर प्रवेश घेतला की पुढे ना ब्रँच बदलता येते, ना कॉलेज. म्हणून मनात कॉम्प्युटर घोळत असताना स्वस्त पडते म्हणून सिव्हिलची टी जागा वर टाकू नका. ती घ्यायची तर ती ब्रँच शेवटपर्यंत करायची तयारी ठेवूनच घ्यायची.

ऑप्शनच्या क्रमालाही म्हणूनच महत्त्व आहे. २०२५ च्या प्रवेशात कॅपच्या चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला. फ्रीझ झालेली जागा नाकारली की पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. 'बघू, लागली तर सोडून देऊ' म्हणून वर टाकलेला एक पर्याय अख्खी प्रक्रिया संपवतो. नव्या वर्षाचं माहितीपत्रक आलं की हा नियम सर्वांत आधी वाचा.

पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलून मिळते का? मिळते, पण रिकाम्या जागेवर आणि पहिल्या वर्षाच्या गुणांच्या क्रमाने. कॉम्प्युटरच्या जागा क्वचितच रिकाम्या होतात, सिव्हिल-मेकॅनिकलच्या होतात. म्हणजे कॉम्प्युटरमधून मेकॅनिकलला जाणं सोपं, उलटं अवघड. मन दोन्हीकडे असेल तर मागणी जास्त असलेल्या बाजूने आत शिरा. खापरीला सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम आणि कॉम्प्युटर एवढ्याच ब्रँच, त्यामुळे हलायला जागा कमी. वायसीसीईत कॉम्प्युटरच्या आजूबाजूच्या आयटीसारख्या ब्रँच आहेत. कॉम्प्युटर हुकलं तरी जवळपासचं काही हाती लागतं, हा तिथला खरा फायदा.

प्रवेशाआधी दोन्हीकडचा पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडून शेजारी ठेवा. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच असतं, हे आता सरसकट धरून चालू नका. स्वायत्त कॉलेज आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवतं आणि ब्रँचनुसार पहिल्याच वर्षी वेगळे विषय येऊ शकतात. मग ब्रँच बदलली की सुटलेले विषय वरून भरावे लागतात, दुसऱ्या वर्षाच्या ओझ्यासकट. ऑफिसात एकच नेमका प्रश्न विचारा: गेल्या वर्षी कोणत्या ब्रँचमध्ये बदलीने किती मुलं घेतली? आकडा मिळाला नाही तर बदलीच्या भरवशावर प्रवेश घेऊ नका.

जाण्यायेण्याचं थोडक्यात. खापरी मेट्रोच्या ऑरेंज लाइनचं स्टेशन आहे, वानाडोंगरीसाठी अ‍ॅक्वा लाइनने लोकमान्य नगर. दोन्ही लाइन सीताबर्डीला भेटतात. स्टेशनपासून कॉलेजपर्यंतचा शेवटचा टप्पा दोन्हीकडे वेगळा धरायचा, तो खर्च रोजचा असतो. कॉलेज बसचं वर्षाचं भाडं आणि हा खर्च कागदावर मांडून बघा.

आमचा कौल असा. मुलगा, खुला प्रवर्ग, पैशांची ओढाताण आणि खापरीला कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम लागत असेल, तर खापरी घ्या. तिथे नावडती ब्रँचच लागत असेल आणि वानाडोंगरीला आयटी साध्या कोडवर मिळत असेल, तर निम्म्या ट्युशनचा हिशेब करून वानाडोंगरी. फी माफीत बसणाऱ्या मुलीला वानाडोंगरीच वर ठेवायला हरकत नाही. एलआयटीचं, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचं, नाव मोठं आणि संस्था १९४२ ची, पण ती रसायनाची. केमिकलबद्दल मन पक्कं नसेल तर तो पर्याय यादीत नको.

एवढं करूनही मन बदललं तर प्रवेश रद्द करण्याची शेवटची तारीख पाळा. तारखेच्या आत रद्द केला तर १,००० रुपये कापून बाकी फी परत मिळते, नंतर फक्त अनामत. रद्द करण्याचा अर्ज पोर्टलवर भरा, त्याची प्रत कॉलेजात द्या आणि पोचेवर तारखेचा शिक्का घ्या.