घरी बिअर करायचा पाच गॅलनचा संच: आठ महिने आणि सात बॅचनंतर

ऑक्टोबरात हा संच घेतला. आम्ही न्यू जर्सीत राहतो. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानंतर घरापुरती बिअर करायला केंद्राची मोकळीक आहे: एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोघे असतील तर २००, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, तेव्हा तिथल्या वाचकांनी हे माहिती म्हणूनच वाचावं.

संचात पातेलं, झाकणाची प्लास्टिकची बादली, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी झडप), हायड्रोमीटर (द्रव पाण्यापेक्षा किती जड आहे, म्हणजे त्यात साखर किती, हे दाखवणारी तरंगती काचनळी) आणि काट्याचा थर्मामीटर येतो. पातेलं उत्तम आहे. तरीही पहिल्या दिवशी वर्ट, म्हणजे मॉल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) गोड पाणी, उतू गेलं. पहिली उकळी फुटताना फेस दुधासारखा सरसर वर येतो आणि मी तो बसायच्या आधीच हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) टाकले. आता फेस बसेपर्यंत शेगडीपाशीच उभी राहते आणि हॉप्स थोडे थोडे घालते. मॉल्टचा पाक ओतताना शेगडी बंद ठेवते. नाहीतर पाक तळाशी बसून करपतो आणि तो करपट वास शेवटपर्यंत जात नाही.

खरी दमछाक झाली ती वर्ट गार करताना. माहितीपत्रकात ‘बर्फाच्या पाण्यात ठेवा’ एवढं एकच वाक्य आहे. सिंकमध्ये बर्फ ओतून मी सव्वा तास थांबले, रात्रीचे अकरा वाजले, आणि धीर सुटून वर्ट गरम असतानाच यीस्ट घातलं. विरजण लावताना दूध कोमट हवं हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं, पण एलच्या (मी करते त्या प्रकारच्या बिअरच्या) यीस्टला कोमटही नको असतं. साधारण ६५ ते ६८ फॅरनहाइट बरं. त्या बॅचला नेलपॉलिशसारखा उग्र वास आला. सगळी ओतून द्यावी लागली आणि फार वाईट वाटलं. त्यानंतर २५ फुटी तांब्याचा चिलर, म्हणजे आतून नळाचं गार पाणी फिरवून वर्ट गार करणारी गुंडाळलेली नळी, वेगळा घेतला. आता हिवाळ्यात वीस मिनिटांत काम होतं. जूनमध्ये नळाचं पाणीच कोमट येतं, म्हणून शेवटचा टप्पा अजून बर्फातच. आणि रात्री उशीर झालाच, तर बादली स्वच्छ बंद करून यीस्ट सकाळी घालते. त्याने काही बिघडत नाही, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

दुसऱ्या बॅचला हायड्रोमीटरने १.०३० दाखवलं, अपेक्षा १.०४८ ची होती. घाबरून साखर घालणार होते, पण आधी हिशेब केला: ६.६ पौंड पाक, पौंडाला गॅलनमागे ३६ पॉइंट (१.०३६ म्हणजे ३६ पॉइंट), एकूण पाच गॅलन. उत्तर १.०४८ च्या जवळपासच येतं. पाच गॅलन भरायला वरून घातलेलं पाणी नीट मिसळलं नव्हतं, जड वर्ट खाली राहिलं होतं, एवढंच. जोरात ढवळल्यावर आकडा जागेवर आला. नमुना गरम असेल तरीही आकडा कमी दिसतो. हे हायड्रोमीटर ६० फॅरनहाइटला बरोबर दाखवतं.

थर्मामीटरबद्दल माझी तक्रार आहे. बर्फाच्या पाण्यात तो ३२ ऐवजी ३८ दाखवत होता. विक्रेत्याने बदलून दिला नाही, शेवटी डिजिटल घेतला. बादलीचं झाकणही एका बाजूने सैल आहे. तिथून वायू निसटतो आणि एअरलॉकमध्ये बुडबुडे दिसत नाहीत. तिसऱ्या बॅचला मी त्यामुळे दोन दिवस काळजीत होते, आतमध्ये बिअर छान आंबत होती. आता बुडबुड्यांकडे बघतच नाही. हायड्रोमीटरचा आकडा तीन दिवस तोच राहिला, म्हणजे आंबणं थांबलं, की मगच बाटल्या भरते, कारण घाई केली तर बाटल्या फुटू शकतात.

सॅनिटायझर म्हणून स्टार सॅन वापरते, पाच गॅलन पाण्याला एक औंस. फेस राहिला तरी धुवायचं नसतं, हे मनाला पटायला मला चार बॅच लागल्या.

संच घ्यावा का? पातेल्यासाठी आणि बादलीसाठी जरूर घ्या, पण चिलर आणि चांगला थर्मामीटर पहिल्याच दिवशी सोबत आणा. सातवी बॅच, साधी पेल एल, परवाच बाटल्यांत भरली.