कोथरूडमधील हिट (HIIT) व्यायामवर्ग
कर्वे पुतळ्याजवळच्या एका छोट्या व्यायामशाळेत सकाळी भरणारा हा हिटचा, म्हणजे थोडा वेळ तीव्र जोर आणि मध्ये छोटी विश्रांती अशा आलटूनपालटून व्यायामाचा, वर्ग मला मनापासून आवडला, कारण येथील प्रशिक्षक विश्रांतीलाही जोराइतकेच महत्त्व देतात. जपानी संशोधक इझुमी ताबाता यांच्या १९९६ च्या अभ्यासातील २० सेकंद पूर्ण जोर आणि १० सेकंद विसावा ही पद्धत ते नवख्यांना लगेच देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्या अभ्यासात सहा आठवड्यांत प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता व अल्पकाळ जोर लावण्याची ताकद दोन्ही वाढल्या, पण सहभागी तरुण मुळातच तंदुरुस्त होते. जागा अपुरी आहे. पर्वती चढताना लागणारा दम मात्र आता स्पष्टपणे कमी झाला आहे. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच नाव नोंदवावे.