‘तिताश’चा ब्लू-रे: घ्यावा की न घ्यावा?

बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटकांचा ‘तिताश एकटी नदीर नाम’ (म्हणजे ‘तिताश हे एका नदीचे नाव’, १९७३) मी आजवर पाहिला तो फिकट, खरखरत्या प्रतींवरूनच. त्यामुळे क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने २०१३ मध्ये काढलेला ‘वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट’ या जगभरचे जुने चित्रपट जपणाऱ्या उपक्रमाचा पहिला संच हाती आल्यावर त्यातली इतर पाच देशांचे पाच चित्रपट बाजूला ठेवून मी प्रथम ‘तिताश’च लावला. हे परीक्षणही त्या एकाच चित्रपटापुरते आहे.

बांगलादेश स्वतंत्र झाल्यानंतर लगेचच घटकांनी तिकडे जाऊन, एका तरुण बांगलादेशी निर्मात्याच्या पैशांवर हा चित्रपट केला. मूळ कादंबरी अद्वैत मल्लबर्मन यांची. ते स्वतः तिताशकाठच्या मालो या मच्छीमार समाजातले. कादंबरी पुस्तकरूपाने निघाली ती त्यांच्या मृत्यूनंतर. नदी आटते आणि तिच्यावर जगणारी माणसेही हळूहळू विखुरतात, एवढेच कथानक असले तरी घटक ते सरळ रेषेत सांगत नाहीत, आणि पहिल्यांदा पाहणारा अर्ध्या तासात गोंधळतो, हे आधीच सांगून ठेवतो.

या प्रतीची खरी कमाई म्हणजे २०१० साली इटलीतील बोलोन्याच्या प्रयोगशाळेत झालेले पुनरुज्जीवन. मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होती, पण ती अपुरी होती आणि काही रिळे फार खराब झालेली होती; म्हणून जर्मनीच्या संघीय संग्रहातील प्रतींची मदत घेऊन चित्रपट जोडावा लागला. हे ठिगळकाम लपवलेले नाही. एका दृश्यात होडीच्या फळीवरचे पाणी लख्ख चमकते, तर पुढे कुठे करड्या छटा मंदावतात. मला ते खटकले नाही. घासूनपुसून सगळे एकसारखे गुळगुळीत केले असते तर मात्र नक्कीच खटकले असते.

आवाजाबाबत तर मला हा चित्रपट नव्याने भेटला. मच्छीमार किशोर आणि त्याची नववधू यांच्या पहिल्या रात्रीच्या दृश्यात घटकांनी श्वासांचा आवाज इतका वाढवला आहे की तो खोलीतला न राहता नदीतूनच येतो आहे असे वाटू लागते. जुन्या प्रतीत तो खरखरीत मिसळून जात असे आणि मला तो ध्वनिमुद्रणातला दोष वाटे. चांगले हेडफोन लावून हे दृश्य एकदा अवश्य ऐकावे.

जोडसाहित्यात दिग्दर्शक कुमार शहानी यांची मुलाखत आहे. साठच्या दशकात घटक पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असत आणि शहानी त्यांचे तिथले विद्यार्थी, त्यामुळे या मुलाखतीला वेगळे वजन आहे. या उपक्रमामागचे हॉलिवूड दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांचे प्रास्ताविक मात्र ओझरते आहे.

आता अडचणी. सबटायटल्स फक्त इंग्रजीत आहेत. ‘मासी’ ऐकताच मराठी कानाला मावशी कळते, तिथे इंग्रजीत आत्या, काकू, मावशी सगळ्या एकाच शब्दात बसवल्या जातात. पोरका अनंत आणि त्याला सांभाळणारी बासंती यांचे नाते ज्या शब्दावर उभे आहे तोच असा सपाट व्हावा याची चुटपूट लागते. दुसरी अडचण अधिक व्यावहारिक आहे: ब्लू-रे डिस्क ठरावीक भूभागातल्या प्लेअरवरच चालाव्यात म्हणून जगाचे विभाग पाडलेले आहेत; क्रायटेरियनचे हे ब्लू-रे ‘ए’ विभागाचे असतात आणि भारत ‘सी’ विभागात येतो, म्हणून इथल्या साध्या प्लेअरवर ते चालत नाहीत. पुण्यात जपलेली निगेटिव्ह बोलोन्याला जाऊन, अमेरिकेत डिस्क होऊन, पुण्यातल्याच घरात कुलूपबंद परतते, याला काय म्हणावे! शिवाय या संचातला ‘तिताश’ सुटा विकत मिळत नाही. एका नदीसाठी सहा देशांचे भाडे मोजावे लागते.

ज्यांच्याकडे सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर आहे आणि सेनेगल, मोरोक्को किंवा तुर्कस्तानच्या चित्रपटांबद्दलही कुतूहल आहे, त्यांनी संच बेलाशक घ्यावा. ज्यांना केवळ घटक हवे आहेत, त्यांनी डॉलर मोजण्यापूर्वी आपल्या गावातल्या फिल्म सोसायटीकडे चौकशी करून पाहावी, कारण शेवटच्या दृश्यातले ते भाताचे शेत आणि पानाची पिपाणी वाजवत धावणारे पोर मोठ्या पडद्यावर पाहण्याची संधी मिळाली तर मीही माझी डिस्क कपाटातच ठेवीन.